पाण्याकांठचें एका रात्रीचें घर

ज्यांच्या स्वयंपाकघरांत मासा कधीं शिरला नाहीं अशा मंडळींपुढें मासेमारीचा विषय मांडावयाचा, म्हणजे थोडें धारिष्टच म्हटलें पाहिजे. परंतु ज्या मासेमारीविषयीं आम्ही लिहीत आहों, तींत मासा खावयाचा नसतो, विकावयाचा नसतो; फार काय, घरीं न्यावयाचाही नसतो. इंग्लंडांत 'कार्प' नांवाच्या माशाच्या नादीं लागलेलीं पुष्कळ माणसें आहेत. तीं रात्रीच्या रात्री तळ्याच्या कांठीं काढतात. मासा लागलाच तर त्यास ओल्या केलेल्या गादीवर ठेवून त्याच्या ओंठांतील गळ हलकेच सोडवितात, वजन करतात, एखादें छायाचित्र घेतात आणि त्यास पुनः पाण्यांत सोडून देतात. मग तीं तेथें जातात तरी कशाला, असा प्रश्न आमच्या घरच्या वडील मंडळींनीं विचारला होता, व त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अद्यापि देतां येत नाहीं. मात्र तीं तेथें राहतात कशीं, कोणत्या छपराखालीं निजतात, या प्रश्नांत आम्हांस बराच रस उत्पन्न झाला. आणि पुढें एका कौटुंबिक वादांत त्या ज्ञानाचा उपयोगही झाला.

हा कार्प आपल्याकडील रोहू व कटला यांच्याच कुळांतला. गळ टाकून बसण्याचा नादही केवळ साहेबाचाच आहे असें कोणीं समजूं नये. आयझॅक वॉल्टनचा या विषयावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ सालचा. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण त्याच्या पांच शतकें आधींच लिहिलें गेलें होतें. राजास रात्रीच्या निवाऱ्याची विवंचना नव्हती, हें उघडच आहे. ती विवंचना अलीकडची, आणि ती एका घंटेपासून निघाली.

हेरफर्डशायर परगण्यांत रेडमायर नांवाचें एक लहानसें तळें आहे. १३ सप्टेंबर १९५२ रोजीं रिचर्ड वॉकर या गृहस्थांनीं तेथें ४४ पौंड वजनाचा कार्प धरला. 'क्लॅरिसा' नांवानें प्रसिद्ध झालेला तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पुढें अनेक वर्षें होता, आणि त्याच्या वजनाचा उच्चांक १९८० सालीं त्याच तळ्यांत क्रिस येट्स यांनीं मोडीपर्यंत टिकला. याच वॉकर यांनीं, माशानें दोरी ओढतांच वाजणारी विजेची घंटा बनवून प्रचारांत आणली. तिचा परिणाम दूरवर झाला. घंटा नव्हती तोंवर रात्रभर डोळ्यांत तेल घालून दोरीकडे पाहत बसावें लागे. घंटा आली आणि माणसास झोंपतां येऊं लागलें. झोंप म्हटली कीं खाट आली, आणि खाट आली कीं तिच्यावर छप्पर पाहिजेच! तें छप्पर म्हणजेच तेथील भाषेंत 'बिव्ही'. उघड्यावर पडणाऱ्या लष्कराच्या तळास 'बिव्हुॲक' म्हणतात, त्याच शब्दाचें हें लाडकें रूप.

आमचा धाकटा पुतण्या नोकरीनिमित्त रेडिंग शहरीं असतो. गतवर्षीं आम्ही उभयतां शरदऋतूंत त्याच्याकडे राहावयास गेलों, तेव्हां त्याच्या घरांत या विषयावरून शीतयुद्ध चाललें होतें. पंधरा दिवसांतून एक रात्र तो तळ्यावर काढी. इतर दिवशीं कचेरींतून आल्यावर जो मुलगा चार शब्द बोलत नसे, तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं चिखलानें माखून, पण प्रसन्न मुद्रेनें परत येई. हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें. पण मागील हिवाळ्यांत त्याची छाती भरली होती, आणि त्याची मोठी छत्रीही वाऱ्यानें फाटलेली. पुण्याहून आमच्या वहिनींनीं फोनवरून निर्वाणीचा निरोप दिला, "भावजी, तुम्ही स्वतः पाहा. चारी बाजूंनीं बंद होणारी उबदार जागा असेल तरच त्याला जाऊं द्या, नाहीं तर ती काठी मोडून टाका." सूनबाईंचेंही मत तेंच होतें, त्यांनीं आंत ठेवावयास एक लहानशी गॅसची शेगडीही हेरून ठेविली होती.

म्हणून एका शनिवारीं आम्ही दुकानांत गेलों. निवाऱ्याच्या वस्तूंत मुख्य जाती तीन. पहिली छत्रीची: पन्नास-साठ इंचांची छत्री, मागच्या बाजूस कापडाची पाठ, वजनास हलकी, लावावयास दोन मिनिटें. दुसरी कमानींची: तीन-चार कमानी एका सांध्यांत बसविलेल्या, उघडल्या कीं कापड घुमटासारखें ताणलें जातें. तिसरी दोघांची: तीही कमानींचीच, पण दुहेरी कापडाची, आंत दोन खाटा, मध्यें चहाचा संसार, उभें राहून सदरा बदलतां येईल इतकी उंच. सूनबाईंची नजर अर्थातच तिसरीवर खिळली. पुतण्या पहिलीच्या काड्या चाचपून पाहत होता.

दुकानदारानें प्रथम आंकडा सांगितला. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ किती मिलिमीटर चढला म्हणजे तें पाझरूं लागतें, त्यावरून या कापडांची प्रत ठरवितात. हें कापड १०,००० चें, तें ५,००० चें, असें तो सांगूं लागला. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर, जवळजवळ तीन मजली घराइतका पाण्याचा स्तंभ! आकाशांतून पडणारा पाऊस इतका जोर करीत नाहीं. आमच्या मतें, आंकड्यापेक्षां शिवणी पाहाव्यात. सुईच्या प्रत्येक भोंकांतून पाणी येऊं शकतें, म्हणून शिवणीवर आंतून पट्टी चिकटविलेली आहे कीं नाहीं, हें बोटानें तपासावें. मोठा आंकडा खरोखर उपयोगी पडतो तो जमिनीवर अंथरावयाच्या कापडास. कारण गुडघा टेकला कीं ओल्या मातींतील पाणी दाबानें वर येऊं पाहतें.

खरेदी त्या दिवशीं झाली नाहीं. आधीं एक रात्र जागेवर काढून पाहावी, असा आम्हीं निर्णय दिला. पुतण्याच्या एका मित्रानें आपली कमानींची बिव्ही उसनी दिली, दुसरी खाट मिळविली, आणि नोव्हेंबरच्या मध्यास आम्ही काका-पुतणे तळ्यावर गेलों.

टेम्सच्या खोऱ्यांतील अशीं पुष्कळ तळीं म्हणजे वाळू-खडीच्या जुन्या खाणी; खडी काढून नेली आणि खड्ड्यांत पाणी भरलें. सभोंवार वड-पिंपळ नाहींत, पण विलोचीं झाडें वांकलेलीं, आणि पाणी काळेंशार. तेथें पहिल्या दहा मिनिटांतच दोन गोष्टी कळल्या, ज्या दुकानांत कळल्या नव्हत्या. एक अशी कीं, खडीच्या जमिनींत साध्या खुंट्या शिरतच नाहींत. मळसूत्री खुंट्या पिळून बसवाव्या लागतात. कांहीं ठिकाणीं तर बसण्याची जागा म्हणजे लांकडी माचीच असते, तेथें कोणतीच खुंटी चालत नाहीं. तेव्हां निवाऱ्यानें खुंट्यांच्या भरंवशावर न राहतां स्वतःच्या कमानींवर उभें राहावें, आणि समोर आधारास दोन काठ्या लावतां याव्यात, हें बरें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपण घर बांधतांना दार कोणत्या दिशेस करावें याचा विचार ऊन, पाऊस आणि रस्ता पाहून करतों. येथें दार पाण्याकडेच असावें लागतें. कारण घंटा वाजतांच काठीपाशीं पोंचावयाचें असतें, आणि गळ पाण्यांत असतांना माणसानें दूर राहूं नये असा तेथील नियमही आहे. शिवाय जाणते लोक सांगतात कीं, उबदार नैर्ऋत्येचा वारा ज्या कांठावर आदळतो त्या कांठाशीं कार्प गोळा होतात. म्हणजे जिकडून वारा-पाऊस यावयाचा तिकडेच तोंड करून रात्र काढावयाची! निवाऱ्याची सारी परीक्षा या एका पेंचांत आहे. ज्याचें छप्पर दारावर हातभर पुढें आलेलें आहे, ज्याचा दर्शनी पडदा अर्धाच बंद ठेवतां येतो, आणि ज्याच्या उंबऱ्याशीं पाय अडखळण्यासारखी पट्टी नाहीं, तो निवारा चांगला. बाकी खिसे, दिव्याचे आंकडे, खिडक्यांचीं पारदर्शक भिंगें हा सारा दुकानदाराचा अलंकारशास्त्राचा भाग आहे.

त्या महिन्यांत तिकडे रात्र पंधरा तासांची असते. साडेचारला अंधार पडला. आठाच्या सुमारास पाऊस लागला, तेव्हां आम्हीं पडदा पूर्ण लावून घ्यावयास सांगितलें. पुतण्यानें मुकाट्यानें लावला. तासाभरानें आमच्या कपाळावर थेंब पडला. कापड फुटलें म्हणावें, तर वर हात लावून पाहतां सारें छत आंतून दंवानें भिजलेलें. निजलेला माणूस रात्रभरांत श्वासावाटे पेलाभर पाणी तरी सोडतो. दोघांचे दोन पेले. तें बाहेर जावयास वाट नसेल तर थंड कापडावर जमतें आणि ज्याचें त्याच्याच अंगावर परत येतें. दहा हजारांचें कापड बाहेरचा पाऊस अडवितें, तसाच आंतला श्वासही अडवितें! पडदा वरून वीतभर उघडला, मागची झडप सोडली, आणि अर्ध्या तासांत छत सुकूं लागलें. थंडी थोडी वाढली खरी. पण कोरडी थंडी लोंकरीच्या कपड्यांत सोसते, ओली सोसत नाहीं. दुहेरी कापडाचा उपयोग येथें होतो हें मान्य केलें पाहिजे: आंतील थर कमी थंड राहतो व दंव कमी धरतें. परंतु वाट ठेवावी लागतेच, आणि तें ओझें ढकलगाडीवर घालून चिखलांतून न्यावें लागतें, तें निराळेंच.

पहाटे तीन वाजतां घंटा किंचाळली. पुतण्या खाटेवरून उठून काठीपाशीं केव्हां पोंचला हें आम्हांस कळलेंही नाहीं. वीस मिनिटांनीं जाळ्यांत जो मासा आला तो सोनेरी-तपकिरी, तान्ह्या मुलाएवढा जड, आणि ओंठ हलवीत कांहींतरी पुटपुटत असल्यासारखा. त्यास त्यानें ज्या हातानें पाण्यांत सोडलें, त्या हाताकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलों. वहिनींना हें कसें सांगावें, हा विचार मनांत घोळत होता.

आतां शेगडीविषयीं. येथें आम्ही थोडे कठोर होणार आहों. बंद तंबूंत गॅसची शेगडी किंवा कोळशाचें भांडें पेटविणें म्हणजे मरण विकत घेणें होय. हवा अपुरी पडली कीं जळणांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा घेतो आणि झोंपलेल्यास जागही येत नाहीं. मांस-भाज्या भाजून झाल्यावर विझल्यासारखे दिसणारे निखारे ऊब म्हणून आंत घेतल्यामुळें इंग्लंडांत तंबूंतल्या माणसांनीं प्राण गमावल्याचीं उदाहरणें आहेत. चहा करावयाचा तर शेगडी छपराबाहेर, आणि उशाशीं त्या वायूची सूचना देणारें लहान यंत्र. तेंही दार उघडें ठेवण्याच्या ऐवजीं नव्हे, दार उघडें ठेवून.

वहिनींची समजूत घालणें सोपें नव्हतें. "दार उघडें ठेवून माझ्या मुलाला निजवायचें, आणि शेगडीही नाहीं?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं त्यांस त्यांच्याच बाळंतपणाची आठवण दिली. खोलींत कोळशाची शेगडी ठेवीत, तेव्हां आमची आजी रात्रींतून दोनदां उठून दार किलकिलें आहे ना, हें पाहून जाई. बाळंतिणीस वारा लागूं नये म्हणून सारें घर जपत असतांही त्या दाराविषयीं ती कोणाचें ऐकत नसे. पलीकडे कांहीं क्षण शांतता होती. मग वहिनी म्हणाल्या, "बरं. पण कानटोपी घालीत जा म्हणावें."

शेवटीं घेतली ती कमानींची, एका माणसाची, एकेरी कापडाची. सुमारें दहा किलोंची, हिरवी. पडदा वरून उघडतां येतो, आणि उन्हाळ्यासाठीं डांसांची जाळी निराळी लावतां येते. वांचलेल्या पैशांत जाड निजण्याची पिशवी, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि तें सूचक यंत्र आलें. दोघांच्या बिव्हीसाठीं सूनबाई अखेरपर्यंत हळहळत होत्या. त्यांची खरी तक्रार मात्र पुढें सुरू झाली. भिजलेलें कापड घडी करून ठेवलें तर दोन दिवसांत बुरशी धरतें. त्यामुळें महिन्यांतून दोन रविवार तो हिरवा घुमट त्यांच्या जिन्याच्या कठड्यावर पसरलेला असतो, आणि त्यांतून गळणारी तळ्याची खडी पायरी-पायरीवर सांपडते.