खऱ्या माहितीचं खोटं पत्र

चि. भाच्यास,


तू पाठवलेला पत्राचा फोटो मोठा करून पाहिला. वर राजमुद्रेचे सिंह, बाजूला तिरंगी पट्टी, ठळक अक्षरांत ‘उद्यम प्रमाणपत्र : नूतनीकरणाची अंतिम सूचना’. सात दिवसांत २,९९९ रुपये भरा, नाहीतर दंड. आणि तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत : आम्ही खासगी सल्लागार असून शासनाशी आमचा संबंध नाही. एक रुपयाही भरू नकोस.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून, जुन्या उद्योग आधारच्या जागी आली. तिला फी नाही, कागद जोडावे लागत नाहीत आणि नूतनीकरण तर मुळीच नाही. पत्ता किंवा धंदा बदलला तर सरकारी पोर्टलवर आपणच फुकटात दुरुस्ती करायची. मग काहून घाबरतोस?

‘पत्र खोटं असेल तर दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, नोंदणीची तारीख त्यांना कुठून मिळाली?’ हा तुझा प्रश्न मात्र बरोबर आहे. अरे, ही माहिती उघडीच असते. जीएसटी नंबर दुकानाच्या पाटीवर लावायचा नियमच आहे. बिलावरही तो असतो. जीएसटी पोर्टलवर तो टाकला की लॉगिन न करताही नाव आणि नोंदणीची तारीख दिसते. उद्या हळद पावडरच्या ब्रँडसाठी अर्ज केलास, तर ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव-पत्ता छापून येईल, आणि अशी आणखी पत्रं येतील. जगभर हेच चालतं. जिनिव्हातली जागतिक बौद्धिक संपदा संघटना असल्या बनावट मागण्यांचे नमुनेच जाहीर करते. लोकांना खात्री करता यावी म्हणून उघडं ठेवलेलं रजिस्टर या मंडळींना गिऱ्हाइकांची आयती यादी होतं. तेव्हा पत्रातली माहिती खरी निघाली, एवढ्यानं पत्र खरं ठरत नाही.

ढाणकीतला किंवा उमरखेडचा एखादा सेंटरवाला फॉर्म भरून देतो आणि शे-दोनशे घेतो, त्याला मी नावं ठेवत नाही. ती त्याची मजुरी, आणि तो ती तोंडावर मागतो. हे पत्र मात्र स्वतःची मजुरी सरकारचं देणं म्हणून खपवतं.

कधी धाक, तर कधी आमिष. ‘मुद्रा योजनेचं दहा लाखांचं कर्ज मंजूर, पडताळणीचे ४,५०० रुपये भरा’ असं एक पत्र फिरत होतं. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं ते बनावट असल्याचं जाहीर केलं. मुद्रा संस्था दुकानदाराला थेट कर्ज देतच नाही, ते बँकेतून मिळतं. शेतात मोबाइल टॉवर बसवण्याची दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नावाची पत्रंही त्याच माळेतली.

पण या भीतीनं खरी नोटीसही रद्दीत टाकशील, तर दंड खरोखरच बसेल. म्हणून जीएसटीचं पत्र आलं की आधी पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमध्ये पाहा. केंद्रीय कार्यालयाच्या पत्रावर डीआयएन हा ओळख क्रमांक किंवा संदर्भ क्रमांक असतो. तोही संकेतस्थळावर तपासता येतो. मग पैसे कुणाच्या खात्यात मागितलेत ते बघ. सरकारचा कर चलनानं भरतात, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. आणि चुकून कुणाचे गेलेच, तर तासाभराचाही उशीर न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला सांग.

असली पत्रं पचतात ती दुकानदार एकमेकांना विचारत नाहीत म्हणून. ‘आपल्याच कागदात काही राहिलं असेल’ या संकोचानं माणूस गुपचूप पैसे भरतो. म्हणून हे पत्र फाडू नकोस. तळाच्या त्या बारीक ओळीखाली लाल पेनानं रेघ मार, शेजारी तिचा मराठी अर्थ लिही आणि गल्ल्यामागं चिकटव. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचू दे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा