गाडी तापते कधी?

खानदेशात वैशाख सुरू झाला की माणसे, गुरे आणि मोटारी या तिघांच्याही सहनशीलतेची परीक्षा सुरू होते. माणसे दुपारी दार लोटून आडवी होतात, गुरे लिंबाच्या सावलीत उभी राहतात. मोटारीला यांपैकी काहीच करता येत नाही. काम निघाले की तिला भर उन्हात रस्त्यावर यावेच लागते. भडगावहून पाचोऱ्याकडे आणि पुढे जळगावकडे जाताना बॉनेट उघडून वाफा सोडीत उभी असलेली एखादी जुनी गाडी मे महिन्यात हमखास दिसते. शेजारी तिचा धनी हातात रिकामी बाटली घेऊन पाण्यासाठी इकडेतिकडे पाहत असतो. त्याच्याविषयी मला नेहमीच बंधुभाव वाटत आला आहे.

आमची गाडीही त्याच गोत्रातली. ॲम्बॅसॅडर. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीच्या घडणीवर बेतलेली ही गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५८ सालापासून २०१४ सालापर्यंत बाहेर पडत राहिली. आमची नव्वदच्या दशकातली, पेट्रोलची. आमच्याकडे आली तेव्हाच तिचे तारुण्य सरले होते. तरीही जाडजूड पत्रा, ऐसपैस मागची बैठक आणि आजारी माणसाला सहज आत-बाहेर होता येईल अशी दारे, हे तिचे गुण कायम होते. या शेवटच्या गुणामुळेच तिच्यावर एक जबाबदारी येऊन पडली होती. शेजारच्या एका आजींना आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, डायलिसिससाठी जळगावला न्यावे लागे. अंतर सुमारे साठ किलोमीटर. एसटीच्या गर्दीत त्या बसू शकत नसत आणि दर खेपेला भाड्याची गाडी करणे त्यांच्या मुलाला झेपणारे नव्हते.

एका मंगळवारी परतताना पाचोऱ्याच्या अलीकडे काटा तांबड्या रेघेला टेकला. इंजिन बंद करून आम्ही एका लिंबाखाली थांबलो. मागच्या आसनावर डायलिसिसने गळून गेलेली वृद्धा, बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि पुढे झाकणाखाली खदखदणारे पाणी. थंड पाणी ओतावे असे अशा वेळी फार वाटते; पण लालबुंद तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर ओतीव लोखंडाला तडा जाण्याचे भय असते. रेडिएटरचे झाकण तर त्या क्षणी उघडूच नये. ते झाकण म्हणजे स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटीच. त्याची स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते, म्हणून शंभर अंश ओलांडूनही पाणी उकळत नाही. झाकण फिरवले की दाब सुटतो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येते. अर्धा तास थांबणे एवढाच उपाय असतो. आजींनी तो अर्धा तास पदराने वारा घेत, एक शब्दही न बोलता काढला. शुक्रवारची खेप तीन दिवसांवर होती.

बुधवारी गाडी एका मोठ्या गॅरेजात दाखवली. तिथे निदान तत्काळ झाले: हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल, आठ-दहा दिवस लागतील. खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प बसलो. पण मनाला टोचत होते ते वेगळेच. गाडी फक्त गरम होते एवढेच मी सांगितले होते, आणि तेवढ्यावरून इतका मोठा निष्कर्ष निघाला होता. निदान खरे असेल तर गाडी शुक्रवारी बाहेर काढणे म्हणजे आजींच्या जिवाशी खेळ. खोटे असेल तर आठ दिवस त्यांना न्यायचे कोणी?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना तर्कशास्त्राचे आमचे प्राध्यापक पाश्चात्त्य ग्रंथांबरोबर भारतीय न्यायदर्शनही आवर्जून शिकवीत. अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द तेव्हापासून डोक्यात रुतले आहेत. अमुक असले की तमुक होते, आणि अमुक नसले की तमुक होत नाही. दोन्ही बाजू पडताळल्याशिवाय कारण ठरवू नये. एरवी कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि आपण बिचाऱ्या कावळ्याला शिक्षा करतो. हे सारे मला त्या बुधवारी आठवले असे म्हणणे खोटे होईल. ते आठवून दिले आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी.

त्यांचे दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर आणि एक लाकडी बाक. मी तक्रार सांगितली. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, ‘‘फादर, गाडी गरम होते हे कळलं. कधी होते ते सांगा.’’

या एका प्रश्नात सारी विद्या होती. बाजारात, एसटी स्टँडसमोरच्या गर्दीत गाडी उभी असताना तापते का? मग दोष वाऱ्याचा: फॅन बेल्ट सैल असेल, पंखा नीट फिरत नसेल. चालू केल्यावर पाच मिनिटांत तापते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, धुराड्यातून पांढरा धूर निघतो, ऑइलचा रंग दुधाळ होतो? मग गॅस्केटचा संशय रास्त. मोकळ्या रस्त्यावर, वारा भरपूर लागत असताना, वेग धरल्यावर वीसेक किलोमीटरांनी तापते? मग वारा पुरेसा आहे, पाणीच नीट फिरत नाही.

आमची गाडी गर्दीत शांत असे आणि मोकळ्या रस्त्यावर तापे. वेग कमी केला की काटा थोडा खाली येई. मिस्तरींनी मान हलवली, पण अनुमानावर थांबले नाहीत. डिपस्टिक काढून ऑइल बोटावर चोळले, स्वच्छ. थंड गाडी झाकण काढून चालू केली आणि पाण्याकडे टक लावून बसले, बुडबुडा नाही. अंगठ्याने बेल्ट दाबला, ताण ठीक. झाकणाची स्प्रिंग मऊ पडली होती, म्हणून नवे झाकण बसवले आणि एक फेरी मारून आलो. काटा पुन्हा चढलाच. स्वस्तातला संशयित आधी, महागातला शेवटी, असा त्यांचा क्रम होता. इंजिन खोलणे या यादीत अगदी तळाला होते.

मग रेडिएटरची जाळी. आमच्याकडे कापसाच्या हंगामात रस्त्यावरून कापूस भरलेल्या गाड्या धावतात. उडालेले पुंजके, धूळ आणि किडे जाळीच्या पापुद्र्यांत अडकून नमदा तयार होतो. तो इंजिनाच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढावा लागतो; पुढून मारले तर आणखी आत जातो. पुष्कळ मळ निघाला, काटा जरा खाली राहिला, पण रोग गेला नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी गाडी तापवून बंद केली आणि रेडिएटरच्या जाळीवरून हळूहळू तळहात फिरवला. मग माझा हात धरून त्याच वाटेने फिरवला. वरचा भाग पोळत होता. खालच्या एका कोपऱ्यात मात्र हाताला चक्क गारवा लागला. तिथवर गरम पाणी पोहोचतच नव्हते. गाडी निवल्यावर झाकण काढून बॅटरीचा झोत आत टाकला तेव्हा नळ्यांच्या तोंडांशी पांढरी, खरखरीत पुटे दिसली.

तेवढ्यात तिथे बसलेला एक केळीवाला शेतकरी वाकून पाहत म्हणाला, ‘‘फादर, हाई ते आमनी ड्रिपनी नळीमा साचस तेच शे.’’ आणि ते अक्षरशः खरे होते. आमच्या भागातले बोअरचे पाणी क्षारांचे. ठिबकच्या नळ्यांची सूक्ष्म छिद्रे त्याने बुजतात, म्हणून शेतकरी मधूनमधून पाण्यातून आम्ल सोडतात. तेच पाणी गाडीच्या पोटात तापते, आटते, पुन्हा भरले जाते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. आमच्याकडे येण्यापूर्वीच्या वीसएक वर्षांत कुठल्याकुठल्या हापशाचे पाणी त्या गाडीने प्यायले असेल कोण जाणे.

एक कोडे तरीही उरले होते. क्षार वर्षानुवर्षे साचत होते, तर गाडी हिवाळ्यात तक्रार का करीत नव्हती? याचे उत्तर साध्या वजाबाकीत आहे. पेट्रोलमधल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा थंड करणाऱ्या पाण्यात जातो आणि तो रेडिएटरने हवेत टाकायचा असतो. किती टाकता येईल हे पाणी व हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९० अंश धरू. हिवाळ्यातल्या दुपारी हवा २८ अंश, फरक ६२. मे महिन्यात हवा ४५ अंश, फरकही ४५. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद चौथ्या हिश्श्याहून अधिक घटते. निम्म्या नळ्या बुजलेला रेडिएटर जानेवारीत कसाबसा निभावून नेतो आणि मे महिन्यात उघडा पडतो.

मोटारीची ही तहान तिच्या जन्माइतकीच जुनी आहे. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झाइमला गेली, तेव्हा त्या गाडीला रेडिएटर असा नव्हताच. पाणी उकळून उडून जाई आणि वाटेत पुन्हापुन्हा भरावे लागे. पुढे १९०१ सालच्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला आणि थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड ठेवता येऊ लागले. नळ्या बारीक झाल्या, गाडी निवू लागली, आणि बारीक नळ्यांबरोबर त्या बुजण्याचे दुखणेही आले.

गुरुवारी दुपारी रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे गेला. त्याने वरची टाकी डाग काढून सोडवली, नळ्यांतून एकेक करून पातळ सळई घातली, निघालेला पांढरा चुरा एका फडक्यावर ओतून मला दाखवला, आणि टाकी पुन्हा डाग देऊन बसवली. रात्री मिस्तरींनी तो जागेवर चढवून साध्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचे मिश्रण भरले. सारा खर्च गॅरेजच्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. मिस्तरींनी स्वतःच्या दोन दिवसांचे जे मागितले ते इतके थोडे होते की मला दुप्पट द्यावेसे वाटले. त्यांनी घेतले नाही.

शुक्रवारी पहाटे निघालो. जाताना उन्हे कोवळी होती, त्यामुळे त्या खेपेला अर्थ नव्हता. खरी कसोटी परतीची. पाचोऱ्यापर्यंत मी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त पाहत होतो. काटा मध्यावर येऊन बसला तो तिथेच राहिला. लिंबाचे ते झाड मागे पडले तेव्हा आजींनी डोळे उघडून विचारले, ‘‘आज थांबायचं नाही का?’’

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. खालचा होज पाइप दाबला की मऊ लागतो, तो दिवाळीआधी बदलायचा आहे. चाळीसगावपुढचा कन्नडचा घाट मात्र या गाडीने अजून चढलेला नाही. सपाट रस्त्यावर वेगाचा वारा मिळतो. घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिनाचे कष्ट दुप्पट आणि वारा थोडा. मिस्तरी म्हणतात, आधी एकदा पहाटे, रिकामी नेऊन पाहा.