अर्ध्या बोटीचे कागद

जुनी नॅरोबोट विकायला निघाली की तिचा जन्म हमखास पहिल्या महायुद्धाच्या आधीचा असतो आणि दुसऱ्या महायुद्धात तिने हमखास दारूगोळा वाहिलेला असतो. विकणारा खोटं बोलतो असं नाही. त्याच्या आधीच्या मालकाने त्याला हेच सांगितलेलं असतं. मी सगळं ऐकून घेतो आणि मग विचारतो, गेज नंबर आहे का?

मी वेल्डर. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका कालव्याकाठच्या यार्डात जुन्या बोटींचे कुजके पत्रे काढून नवे चढवणं हे माझं काम. पुण्यातल्या नातेवाइकांना कितीदाही सांगितलं तरी त्यांच्या मते मी जहाजावर आहे. जहाज कसलं! सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद असं हे प्रकरण. जेम्स ब्रिंडलीने १७६० च्या दशकात ट्रेंट अँड मर्सी कालव्याची लॉक या मापाची ठरवली, पुढच्या कालव्यांनी तोच कित्ता गिरवला आणि मध्य इंग्लंडचा कोळसा, चिनी माती, धान्य, डांबर सगळं या सात फुटांत मावेल तसं वाहिलं गेलं.

या बोटी चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे बोटीबद्दल जे लिहून ठेवलं गेलं, ते तिच्यावर संशय घेणाऱ्यांनी. माझ्या दृष्टीने ही पर्वणीच. पेशवे दफ्तरात बसणारा संशोधक जसा बखरीपेक्षा हिशेबाच्या रुमालावर भरवसा ठेवतो, तसा मी जकातीच्या तक्त्यावर ठेवतो. पैसे वसूल करायला बसलेला माणूस दंतकथा लिहीत नाही.

कालवा कंपनी टनामागे जकात घ्यायची, पण भरलेली बोट दर नाक्यावर तोलणार कशी? म्हणून बोटीला आधीच एकदा गेजिंग डॉकमध्ये नेत. बर्मिंगहॅमजवळ टिप्टनला १८७३ साली खास यासाठी एक इमारत बांधली होती. रिकामी बोट पाण्याच्या किती वर राहते ते मोजायचं, मग ठरावीक वजनाचे लोखंडी ठोकळे क्रेनने एकेक करून आत ठेवायचे आणि दर टनाला ती किती खाली बसली याचा तक्ता करायचा. पुढे नाक्यावरचा कारकून मापाची काठी घेऊन पाण्यापासून बोटीच्या काठापर्यंतची कोरडी उंची दोन्ही बाजूंना मिळून चार जागी मोजणार, सरासरी काढणार आणि तक्त्यात बघून जकात सांगणार. पूर्ण लांबीची बोट साधारण टनाला एक इंच बसते. ज्यांना तक्ता वाचता येत नव्हता तेही वाद घालू शकत, आणि घालत. पण तक्त्याशी वाद घालून फायदा नसे.

या तक्त्यावर बोटीचं नाव, मालक, माप आणि गेज क्रमांक असतो. बर्मिंगहॅमच्या कालव्यांवर हा क्रमांक धातूच्या पट्टीवर उमटवून बोटीला ठोकत. बोट विकली की नाव बदलायचं, रंग बदलायचा. पट्टीवरचा आकडा मात्र कुणी खरवडत बसत नसे. म्हणून मी नावामागे धावत नाही. एकाच नावाच्या बोटी वेगवेगळ्या कंपन्यांकडे असायच्या आणि नावावरून शोधणारा भलत्याच बोटीचा इतिहास गोळा करून आनंदात राहतो.

दुसरा कागद आरोग्य निरीक्षकाचा. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने बोटीवरच्या कुटुंबांबद्दल इतकी ओरड केली की १८७७ मध्ये कॅनल बोट्स ॲक्ट आला आणि १८८४ मध्ये त्याला तपासणीचे दात बसले. स्मिथने त्या लोकांचं रंगवलेलं चित्र फार भडक आहे, माझ्या मते अन्यायाचंही. पण त्याच्यामुळे नोंदवह्या तयार झाल्या, हे मान्यच करावं लागतं. माणसं राहतात त्या प्रत्येक बोटीची नोंद, केबिनचं घनफळ आणि त्यात किती जण झोपू शकतात याचा हिशेब: मोठ्या माणसाला ६० घनफूट, बारा वर्षांखालच्या मुलाला ४०. नवरा-बायको झोपतात त्या केबिनमध्ये बारापुढची मुलगी नको, चौदापुढचा मुलगा नको. मग काही बोटींच्या नाकाडात दुसरी, छोटी केबिन बसवली जायची. या वह्या आता गावोगावच्या अभिलेखागारांत आहेत आणि त्या चाळायला वेल्डिंगइतकाच धीर लागतो.

आता मुद्द्याची बोट. मालक निवृत्त बसचालक, बोट बावन्न फुटी, मागे इंजिन. त्यांना मागच्या बाजूला परंपरागत केबिन हवी होती: आडवा पलंग, काळी शेगडी, टांगलेल्या नक्षीच्या बशा आणि दारावर गुलाब व किल्ले रंगवलेले. इथे जत्रेत मिरवणाऱ्या बोटींची तीच कल्पना लोकांच्या डोक्यात असते. नाकाडाच्या आतल्या बाजूला गेजची पट्टी शाबूत होती. तक्ता मिळाला: लांबी सत्तर फूट, इंजिन नसलेली, म्हणजे आधी घोड्याने आणि पुढे दुसऱ्या मोटरबोटीने ओढायची बटी. अठरा फूट गेले कुठे?

याचं उत्तर कागदात नव्हतं. १ जानेवारी १९४८ ला कालवे सरकारजमा झाले, त्याच वर्षी फेलोज मॉर्टन अँड क्लेटनसारख्या बड्या कंपनीने गाशा गुंडाळला, आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठल्यावर उरलीसुरली मालवाहतूकही मोडली. बोटी मिळेल त्या भावाला गेल्या. काही तर लंडनजवळ हेअरफिल्डला पाणी भरलेल्या खाणीत मुद्दाम बुडवल्या. कापाकापीची नोंद ठेवायला तेव्हा कोणाला जकात मिळणार होती?

म्हणून बोटीलाच विचारायचं. तिला कोरड्या गोदीत घेतलं, बाहेरचं डांबर खरवडलं आणि पुढून मागे रिव्हेटांवर बोट फिरवत निघालो. घडीव लोखंडाचा पत्रा जवळून पाहिला की त्यात लाकडासारखे पदर दिसतात. वेल्डिंगची आंच लागली की हे पदर सुटू बघतात, म्हणून त्याच्याशी जपून वागावं लागतं. पुढचे चाळीस फूट तसाच पत्रा, रिव्हेटांच्या रांगा एकसारख्या अंतरावर. मग एके ठिकाणी रांग अर्ध्यातच संपली. तिथे खालपासून वरपर्यंत वेल्डिंगची उभी कड, घाईने मारलेली, फुगीर. तिच्या पलीकडे साधं पोलाद आणि रिव्हेट एकही नाही. म्हणजे बटी मधोमध कापून पुढच्या चाळीस फुटांना बारा फुटांची नवी शेपटी जोडली होती, इंजिनासाठी. उरलेल्या मागच्या तीस फुटांचं काय झालं हा पुढचा प्रश्न. आणि त्या तीस फुटांतच राहती केबिन होती.

मालकांना हे सांगणं जड गेलं. ज्या केबिनच्या जागी ते केबिन बांधायला निघाले होते, तो तुकडा त्यांच्या बोटीत नव्हताच.

पण आरोग्याच्या नोंदवहीत तिच्या क्रमांकापुढे दोन केबिन लिहिल्या होत्या. मागची, आणि नाकाडातली ८० घनफुटांची. ८० म्हणजे दोन मुलं. नाकाडात नंतरच्या कुणीतरी प्लायवूड मारलं होतं, त्यामागे साठलेलं सामान काढायला वेळ लागला. आत, डोक्याला लागेल अशा उंचीवर, जुन्या फळीचा एक हातभर तुकडा खिळ्यांसकट राहिला होता. ओल्या पॉलिश पेपरने त्यावर रुपयाएवढा गोल घासला, कडेकडेने उतरता. वर मळकट पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली ओल्या रंगावर कंगवा ओढून लाकडाच्या रेषा काढलेला तपकिरी थर, आणि तळाला गुलाबीसर अस्तर. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे हे काम मुखवटा घालूनच आणि पेपर ओला ठेवूनच. बाहेरच्या अंगाचा रंग दर काही वर्षांनी खरवडला जातो. पुरावा टिकतो तो जिथे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं तिथेच.

शेवटी ठरलं ते असं. मागे खोटी केबिन बांधायची नाही. तिथे आजच्या माणसाला लागतं ते स्वयंपाकघर आणि झोपायची जागा, सरळ आजचीच. वेल्डिंगची ती फुगीर कड मी आतून बळकट केली, पण बाहेरून ग्राइंडर लावला नाही. बोट कापणाऱ्याचा हातही तिच्या इतिहासातलाच, आणि त्याने कापली नसती तर ती बहुधा भंगारात गेली असती. नाकाडात मात्र मुलांची केबिन पुन्हा उभी राहतेय, हातभर फळीवरून रंग जुळवून. मालकांना गुलाब हवेतच. मुलांच्या केबिनमध्ये ते होते याचा पुरावा नाही, असं मी म्हणतो. नव्हते याचाही नाही, असं ते म्हणतात.

दरम्यान चौकशी करता करता उत्तरेकडच्या एका कालव्यावर दुसरी बोट सापडली. नाक नवं, शेपटी जुनी, आणि पाटीवर नाव आमच्याच बोटीचं. तिचा मालक म्हणतो, कुटुंब माझ्या अर्ध्यात राहत होतं, म्हणजे खरी बोट माझी. आमचे मालक म्हणतात, गेजची पट्टी आमच्याकडे. मी दोघांनाही सांगितलंय की आधी जोड जुळतेय का ते बघू. त्याला कापाच्या जागेपासून मागच्या रिव्हेटांमधली अंतरं मोजून पाठवायला सांगितली. त्याने छान फोटो पाठवले, सूर्यास्ताचे, मोजपट्टी न लावता. परत मागवलेत.