डॉक्टर, ही शस्त्रक्रिया आपण किती वेळा केली?

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अपमान, ही समजूत आपण भारतातून गाठोड्यात बांधून आणली. ते गाठोडे अजून सुटलेले नाही. एरवी चालून जाते, पण अन्ननलिकेच्या कर्करोगात ही भीड जिवावर बेतू शकते.

अपेंडिक्स कोणताही बरा सर्जन काढील. येथे मात्र पोट आणि छाती, कधी मानही उघडावी लागते. रोगट नलिका काढून जठराचीच नळी करायची, ती छातीत वर ओढायची आणि उरलेल्या टोकाला शिवायची. शेजारी हृदय, फुप्फुसे! २००२ साली अमेरिकेतील वृद्ध रुग्णांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ही शस्त्रक्रिया वर्षाला दोनहून कमी वेळा करणाऱ्या इस्पितळांत शंभरातले सुमारे वीस रुग्ण दगावले, तर वीस वा अधिक वेळा करणाऱ्यांत सुमारे आठ. यातला बराचसा फरक खुद्द सर्जनच्या सरावाचा आहे, असे त्याच संशोधकांनी दुसऱ्या वर्षी दाखविले. हॉलंडने तर नियमच केला: २००६ पासून इस्पितळाला वर्षाला किमान दहा, २०११ पासून वीस. पांढरे केस मोजून उपयोग नाही, शस्त्रक्रिया मोजाव्या.

तरीही सगळे श्रेय सर्जनला द्यायला माझ्यातली परिचारिका तयार नाही. शिवलेला सांधा कुशल हातानंतरही कधी कधी गळतो. चार-पाच दिवसांनी नाडी वाढते, थोडा ताप येतो, रुग्ण उगाच अस्वस्थ होतो, छातीतल्या नळीतले पाणी गढूळ दिसते. ज्या वॉर्डात असे रुग्ण नेहमी असतात, तेथली नवखी मुलगीसुद्धा रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठविते. जेथे वर्षातून दोनच येतात, तेथे सकाळच्या फेरीची वाट पाहिली जाते. मोठ्या शस्त्रक्रियांविषयी २००९ साली अमेरिकेत हेच आढळले: गुंतागुंत चांगल्या-वाईट इस्पितळांत जवळजवळ सारखीच होते, पण त्यातून रुग्णाला वाचविण्यात फरक पडतो.

आमच्या ओळखीच्या नेगेवमधल्या एका बाईंना हा रोग निघाला. मुलगा म्हणे, जवळच्याच इस्पितळात करू, आईला रोज डबा नेता येईल. मी म्हटले, अरे बाबा, पहिले काही दिवस तिला नळीनेच अन्न देतील, तुझा डबा कोण खाणार? सरकारी इस्पितळात सर्जन सहसा आपल्याला निवडता येत नाही, हे खरे. पण दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने दिला आहे. मी त्यांना तीन प्रश्न कागदावर लिहून दिले: येथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? प्रत्यक्ष कोण करणार? रात्री सांधा गळला तर तो सांभाळणारे कोणी हजर असते का?

मुलगा संकोचला, बाईंनीच विचारले. सर्जन रागावले नाहीत. वर्षाला तीन-चार होतात, म्हणाले, आणि मध्य भागातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या नावे स्वतःच पत्र लिहून दिले. टोफेस १७ साठी कुपात होलीममध्ये दोन खेपा पडल्या, एवढाच त्रास.