निश्चल माणसाची हजेरी

व्यापारी इमारतींतील विजेची नासाडी आणि ती रोखणारी ‘स्मार्ट’ यंत्रणा हा विषय अभियंत्यांनी हाताळावा, साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो कशाला, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्तच आहे. पण या विषयाच्या मुळाशी जे कोडे आहे, ते आम्हांला आपल्या परिचयाचे वाटते. रिकाम्या सभागृहात जळणारे दिवे, सुट्टीच्या दिवशी ओस मजल्यावर वाहणारी थंड हवा, लख्ख उन्हात पडदे ओढून लावलेल्या ट्यूबा, यांना आपण नासाडी म्हणतो. कारण ज्याच्यासाठी ती वीज खर्ची पडते तो माणूस तेथे नसतो, किंवा असला तरी त्याला तिची गरज नसते. म्हणजे नासाडी थांबवायची तर आधी हे कळावे लागते की खोलीत कोणी आहे काय, आणि असल्यास त्याला काय हवे आहे. माणसाची उपस्थिती कोणत्या खुणांवरून ओळखायची? खुणांचा अर्थ लावणे हे तर आपलेच काम.

या कोड्याला यांत्रिक उत्तर शोधणाऱ्या आद्य मंडळींत एक शिक्षक होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवीत असत. थंडीत वर्ग उबदार ठेवण्याची जबाबदारी तेथील शिपायावर असे. तळघरातल्या झडपा किती उघडाव्यात हे ठरवण्यासाठी त्याला वर्गावर्गांत शिरून ऊब पाहावी लागे, आणि त्याच्या प्रत्येक खेपेस शिकवणे खंडित होई. या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सन यांनी खोलीचे तापमान विजेद्वारे कळवणारे उपकरण घडवले आणि १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. दोन वर्षांनी त्याच शोधावर एक कंपनी उभी राहिली. आजच्या ‘जाणत्या’ इमारतींची वंशावळ अशी एका वर्गखोलीपर्यंत पोचते. हा शोध लागला तेव्हाच दाराशी येऊन वर्गाकडे नजर टाकणारा माणूस बाहेर राहिला, हेही आम्हांला येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

त्याच कंपनीचा हात जवळजवळ सव्वाशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला लागला. १९३१ साली खुल्या झालेल्या या इमारतीच्या नूतनीकरणाचा प्रकल्प २००९ मध्ये जाहीर झाला. ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी घटेल आणि वर्षाला ४४ लाख डॉलर वाचतील, असा अंदाज होता. त्यात केलेली कामे पाहिली की गंमत वाटते. सुमारे ६,५०० खिडक्यांच्या काचा उतरवून इमारतीतच थाटलेल्या कार्यशाळेत त्या नव्याने घडवल्या गेल्या. भिंतीलगतच्या हीटरांमागे उष्णता परतवणारे पत्रे बसवले. थंडाव्याची जुनी यंत्रे टाकून न देता सुधारली. या साऱ्या घरगुती शहाणपणाच्या गोष्टी. त्यावर मग यंत्रबुद्धीचा थर चढला. खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे हे मोजून ताजी हवा कमीअधिक सोडायची, आणि भाडेकरूंना आपापला वापर पडद्यावर पाहता येईल अशी सोय करायची. यातली पहिली युक्ती आम्हांला मोठी काव्यमय वाटते. माणसाचा उच्छ्वास हीच त्याच्या असण्याची खूण मानली गेली. खोलीत माणसे अधिक, तर श्वास अधिक. श्वास विरळ झाला की पंखा मंदावतो.

प्रत्येक खूण मात्र इतकी विश्वासू नसते. काही वर्षांपूर्वी एका नव्या, काचेच्या इमारतीतील वाचनकक्षात आम्ही जुन्या मासिकांचे अंक चाळीत बसलो होतो. पंधरा-वीस मिनिटांनी दिवे गेले. वीज गेली असे वाटून मान वर केली, तोच दिवे लागले. पुन्हा वाचू लागलो, पुन्हा अंधार. शेजारच्या टेबलावर एक वृद्ध गृहस्थ पुस्तकातून नजर न काढता मधूनमधून माशी वारावी तसा डावा हात हलवीत. त्यांना ते अंगवळणी पडले होते. छतावरचा तो डोळा शरीराची ऊब हलली की ती टिपतो. ऊब स्थिर राहिली की त्याच्या हिशेबी खोली रिकामी होते. दारातून ये-जा करणारा, फोनवर हातवारे करीत बोलणारा त्याला दिसतो. पानात बुडालेला माणूस दिसत नाही. वाचन हे आमच्या मते माणसाच्या उपस्थितीचे सर्वांत गाढ रूप, आणि नेमके तेच त्या यंत्राने गैरहजेरीत मांडले होते.

आमच्या विद्यार्थिदशेतल्या ग्रंथालयात हे काम एका शिपायाकडे होते. सारे त्यांना मामा म्हणत. संध्याकाळी गर्दी ओसरली की ते फेरी मारीत, रिकाम्या टेबलांवरचे पंखे बंद करीत, आणि दूर कोपऱ्यात एकटी कोणी वाचत असली तर म्हणत, “पोरी, त्या खिडकीपाशी बैस की, म्हणजे ही ओळ मालवतो.” ती उठे आणि ओळ मालवली जाई. कधी ती म्हणे, “मामा, एवढं पान होऊ द्या,” आणि मामा थांबत. ॲमस्टरडॅम येथील ‘द एज’ ही २०१५ च्या सुमारास जगभर गाजलेली कार्यालयीन इमारत हेच करते, असे वाचल्यावर आम्हांला मामांची आठवण झाली. तेथे सुमारे २८,००० संवेदक आहेत; कमी माणसे येणार असतील त्या दिवशी इमारतीचा एखादा भागच बंद ठेवता येतो. फरक एवढाच, की मामा विचारीत आणि इमारत हिशेब करते.

यावरून आम्ही यंत्रापेक्षा शिपाई बरा असे म्हणतो आहोत, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. मामा रजेवर असत तेव्हा पंखे रात्रभर फिरत. तीस मजल्यांची इमारत एका माणसाच्या फेरीत मावत नाही. शिवाय विजेचा हिशेब आमच्या टेबलाशी संपत नाही. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूरचे नाव होते. शहरातल्या ओस मजल्यावरची थंड हवा कोणाच्या तरी अंगणात राख होऊन उतरते. म्हणून नासाडी थांबलीच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. प्रश्न आहे तो खुणा वाचण्याच्या अधिकाराचा.

हा अधिकार एकतर्फी झाला म्हणजे काय होते, ते लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राच्या कचेरीत दिसले. जानेवारी २०१६ मध्ये एका सकाळी पत्रकार कामावर आले तो प्रत्येकाच्या मेजाखाली एक छोटी पेटी बसवलेली. मेजाशी कोणी बसले आहे की नाही, हे ती ऊब आणि हालचाल यांवरून टिपीत होती. इमारतीची ऊर्जाबचत हे कारण व्यवस्थापनाने सांगितले. पत्रकारांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि पेट्या त्याच दिवशी निघाल्या. कारण कदाचित खरेही असेल. पण दिवा मालवण्यासाठी जी नोंद पुरते, तीच नोंद माणसाची हजेरी मांडायलाही पुरते. आणि वही एकदा तयार झाली की ती कोण उघडील हे ज्याची नोंद झाली त्याच्या हाती राहत नाही.

‘असल्यास काय हवे आहे’ हा कोड्याचा दुसरा भाग तर याहून अवघड. डेन्मार्कचे पोव्हल ओले फँगर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवेचे तापमान, आर्द्रता, वस्त्रे, शारीरिक श्रम अशा सहा घटकांवरून माणसाला सुख कधी वाटते याचे समीकरण मांडले. जगभरातल्या कचेऱ्यांची थंडी पुढे त्यावरून ठरू लागली. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवून दिले की त्यातला शरीराच्या उष्णतेचा प्रमाण आकडा सरासरी पुरुषाचा आहे. स्त्रियांच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत अधिक भरू शकतो. कचेरीत शाल पांघरून बसणाऱ्या आपल्या भगिनींना या शोधाचे नवल वाटले नसेल. त्या आधीच, २०१४ मध्ये, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि शिमला येथील कचेऱ्यांत जाऊन माणसांनाच विचारले. ६,००० हून अधिक उत्तरे मिळाली. फँगर यांच्या समीकरणाला जेथे उकाडा वाटतो, तेथे आपली माणसे बरीच निवांत असतात, असे त्यांतून निघाले. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत या अभ्यासाची दखल घेतली गेली. थंडावा एक अंशाने कमी केला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. म्हणजे नुसते विचारल्याने हाती येणारी बचत थोडीथोडकी नाही, आणि त्यासाठी कोणाच्या मेजाखाली पेटी लावावी लागली नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की इमारतीला डोळे देताना कानही द्यावेत. खोलीतल्या माणसाला दिवा आणि वारा यांवर काही अधिकार असावा. नोंद किती काळ ठेवली जाते आणि कोण पाहतो, हे त्याला ठाऊक असावे. आणि यंत्राने काढलेला अर्थ चुकीचा आहे असे सांगण्याची एखादी कळ भिंतीवर, हाताशी असावी. ही कळ बसवायला फारसा खर्च येत नाही. मात्र ती बसवणाऱ्याने आधी हे मान्य केलेले असावे लागते, की न हलणारा माणूसही तेथे असू शकतो.