पीक म्हणजे किती वेळ?

माहितीपत्रकात मोटरपुढे दोन आकडे होते : ३ किलोवॅट ‘रेटेड’ आणि ४.४ किलोवॅट ‘पीक’. मोटर मात्र एकच. शोरूममधल्या मुलाने मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं, “पॉवर ही बघा, मॅडम.” मग लहान आकडा कशाला छापलाय? “तो असाच असतो.”

पलीकडच्या दुकानात एथर ४५०एक्सचा पीक ६.४ निघाला. माझी जुनी अ‍ॅक्टिव्हा आठेक हॉर्सपॉवरची, म्हणजे जवळजवळ ६ किलोवॅट. त्या हिशेबाने ४.४ची गाडी रडतखडत निघायला हवी होती. पण टेस्ट राइडला तिने असा हिसका दिला की मागे बसलेल्या आमच्या ह्यांनी माझा खांदाच धरला.

भाची मोटर डिझाइनमध्ये आहे. तिला फोन लावला. “मामी, सिग्नलला खेचतो तो टॉर्क. विजेच्या मोटरला तो पहिल्या क्षणापासून मिळतो, पेट्रोलच्या इंजिनाला आधी आरपीएम चढवावा लागतो. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. चाक थांबलेलं असताना टॉर्क कितीही असो, पॉवर शून्य!” म्हणजे तो हिसका बसला तेव्हा पीक अजून आलाही नव्हता. माझं डोकं गरगरलं.

मग तो पीक सतत का मिळत नाही? मोटर तापते म्हणून. करंट दुप्पट केला की तांब्याच्या वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते. फार तापली तर तारेवरचं इन्सुलेशन जातं, चुंबकं कायमची दुबळी होऊ शकतात. म्हणून कंट्रोलर थोडा वेळ मोकळीक देतो आणि मग हात आखडता घेतो. बॅटरी उतरली की व्होल्टेजही उतरतं, तेव्हा पूर्ण पीक मुळातच मिळत नाही. (हे माहितीपत्रकात मला कुठे दिसलं नाही.)

कायदा मात्र पीककडे बघतच नाही. लायसन्स न लागणाऱ्या स्कूटरसाठी ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्ती अशी अट आहे, आणि ती शक्ती मोटर सलग ३० मिनिटं पेलू शकेल ती. ‘असाच असतो’ म्हणे!

आम्हाला सिंहगड चढायचा होता, म्हणून मी वही घेतली. गाडी आणि आम्ही दोघं मिळून २५० किलो, दर दहा मीटरला एक मीटर चढ, वेग ताशी ४०. नुसत्या चढालाच २.७ किलोवॅट, टायरचं घर्षण आणि वारा धरून साडेतीनच्या पुढे. म्हणजे सलग पेलवणारे ‘रेटेड’ ३ ओलांडले, आणि घाट काही सेकंदांत संपत नाही. ताशी ३०ला हेच अडीचच्या आसपास येतं, तेव्हा हळू गेलो तर निभेल. ह्यांना पायथ्याशी उतरवलं तर ४०नेसुद्धा पावणेतीनमध्ये भागतं, तेही मी काढून दाखवलं. त्यावर हे वही मिटून चहा टाकायला गेले.