लोडायची द्राक्षं, घरची वाइन

सप्टेंबर लागला की आम्ही कॅलिफोर्नियातल्या लोडायहून झिनफँडेल द्राक्षं आणतो. इथे घरच्यापुरती वाइन करायला कायद्याची आडकाठी नाही. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे 750 लिटरच्या वर, करता येते. विकायची मात्र नाही. आमची त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी गॅरेजमध्ये क्रेट उतरले की दरवेळी तोच वाद: हातानं करायचं की मोटर लावायची?

झिनफँडेल हे लहरी द्राक्ष. एकाच घडात पिकलेले, हिरवे आणि पार सुकलेले मणी निघतात. मी तासगावची, बेदाणा शेडवर जाळीत वाळताना बघत वाढले. इथे तो वेलीवरच तयार झालेला. हे सुकलेले मणी रसात भिजले की साखर सोडतात, म्हणून पहिल्या दिवशी 24 ब्रिक्स दाखवणारा रस दुसऱ्या दिवशी 26 वर गेलेला दिसतो. हिरवे मणी काढून टाकायचे तर घड टेबलावर पसरून हातानंच निवडावे लागतात. या कामाला मला दुसरा उपाय मान्य नाही.

देठ काढून मणी फोडायला मात्र आम्ही विजेचं यंत्र भाड्यानं आणतो, आणि त्याची मला खंत वाटत नाही. खरा धोका रुळांमधल्या अंतराचा. रूळ फार जवळ असले की बी चिरडते आणि तिचा कडवटपणा वाइनमध्ये कायमचा उतरतो. हातानं फिरवायच्या यंत्रातही तेच होतं. अंतर वाढवून ठेवलं की मणी नुसता फाटतो, बी शाबूत राहते.

रस फसफसू लागला की वायू सालं वर ढकलतो. तो थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबला नाही तर रंग नीट उतरत नाही आणि वरची कोरडी सालं व्हिनेगरच्या वाटेला लागतात. मोठ्या वायनरीत पंपानं खालचा रस वर सोडतात. मी लाकडी दट्ट्या वापरते. तो आत जाताना थर किती घट्ट झालाय ते हाताला कळतं. गॅरेजचं दार तेवढं उघडं ठेवायचं, कार्बन डायऑक्साइड कोंडला तर जीव गुदमरेल.

पिळायला शेजारच्या इटालियन आजोबांचा लाकडी पट्ट्यांचा, स्क्रूचा प्रेस. तो त्यांच्या वडिलांचा. 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात लोडायची द्राक्षं रेल्वेनं देशभर जायची, घरोघरी वाइन करणाऱ्यांसाठी. आजोबांची शिकवण एकच: दाब, थांब, वाहू दे, चाख. जिभेला तुरट ओढ बसू लागली की दांडा सोडायचा. शेवटचा रस वेगळ्या भांड्यात.

गाळावरून वाइन काढायला ह्यांना पंप हवा होता. मी अडून बसले. सांधा जरा सैल असला तरी पंप हवा ओढतो, आणि तयार वाइनला हवा लागली की फळाचा वास जातो, रंग तपकिरी होतो. उंचावरून नळी सोडली तर वाइन आपल्या वजनानंच शांत उतरते. पण 19 लिटरची भरलेली काचेची बरणी बाकावर चढवणं आता आम्हा दोघांना झेपत नाही. म्हणून रिकामी बरणी आधीच बाकावर ठेवतो आणि पिळलेली वाइन तांब्यातांब्यानं तिथेच भरतो. गाळ बसेपर्यंत तिला कुणी हलवत नाही.